पेजेची निवळ

'अगदी फोटोच जणू!' जपानी ॲनिमेचं हे कौतुक इतक्यांदा वाचनात आलंय की आता गप्प बसवत नाही. माकोतो शिंकाईंचा 'सुझुमे' आपल्याकडे लागला तेव्हाही हेच. पुराव्यादाखल दरवेळी तोच पाऊस, तेच ढगांनी भरलेलं आकाश. शिंकाईंचं आकाश देखणं असतं, वादच नाही. पण त्याखाली उभ्या असलेल्या माणसांना वजन नसतं.

ॲनिमेशनमधलं वास्तव मागच्या देखाव्यात नसतं, हालचालीत असतं. दिग्दर्शक इसाओ ताकाहातांनी हे १९८८ सालीच सिद्ध केलं. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'मधली ती पेज आठवा. युद्धात आई गेलेल्या सेइता आणि सेत्सुको या बहीणभावाला आसरा देणारी नात्यातली बाई स्वतःच्या मुलीला वाढताना डाव तळापर्यंत घालते, भात वर येतो. या दोघांच्या वाडग्यात मात्र वरची निवळ. प्रसंग काही क्षणांचा. नट-नट्यांच्या चित्रपटात डाव चुकून खोल गेला असेल अशी शंका घेता येते. चित्रात चुकून काहीच होत नाही. डाव किती बुडवायचा, हात कुठे थांबवायचा, हे कुणीतरी ठरवलेलं असतं आणि कागदामागून कागद रेखाटलेलं असतं. एवढी निगुतीने केलेली नोंद पाहताना आपण कोंडीत सापडतो, कारण ती बाई राक्षसीण नाही. टंचाईच्या दिवसांत असा हात कुणाचाही चालेल.

किंवा शाळेच्या मैदानातला तो प्रसंग. आई भाजलीय हे सेइताला कळलंय, लहानगीला सांगता येत नाही, म्हणून तो लोखंडी दांडीवर कोलांट्या घेत राहतो. ती उकिडवी बसून रडतेय, त्याच्याकडे बघतही नाही. आपण दुरून पाहतो. सेत्सुकोचा आवाज खरोखरच्या लहान मुलीचा आहे. ताकाहाता स्वतः चित्रं काढत नसत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांचा जीव रेषेच्या डौलात अडकलेला नव्हता, माणसं कशी वागतात यात होता. म्हणूनच 'ओन्ली यस्टर्डे'त (१९९१) एका कुटुंबाने पहिल्यांदाच आणलेलं अननस ते उभं करू शकले. कापायचं कसं ठाऊक नाही, चव निराशेची, आणि तरी हट्टाने चावत राहिलेली त्या घरातली मुलगी ताएको.

हा वारसा पुढे नेला तो दिग्दर्शक सुनाओ काताबुचींनी. 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' (२०१६) मधली सुझू कुरे बंदरात सासरी येते, रानभाज्या खुडून जेवण भागवते, भात फुगवून जास्त दिसेल अशी युक्ती करते. हिरोशिमाची जी वस्ती बॉम्बने पुसली, जिथे आज शांतता उद्यान आहे, तिथली दुकानं काताबुचींनी जुने फोटो आणि वाचलेल्यांच्या आठवणी जमवून पुन्हा उभी केली. पुढे सुझूचा उजवा हात जातो. ती चित्रं काढणारी आहे, आणि तोवर तो हात काय काय करतो हे आपण तासभर पाहिलेलं असतं. घाव तिथे बसतो.

आणि हे सगळं सोडून आपण काय मोजतो? कुठला चित्रपट किती रडवतो! 'फायरफ्लाइज'ला युद्धविरोधी म्हटलं, डोळे पुसले, की पाहणं संपलं. नऊ वर्षांचे असताना ओकायामावरच्या हवाई हल्ल्यातून वाचलेल्या ताकाहातांनी हे बिरूद स्वतःच नाकारलं होतं. त्यांनी सेइताला निर्दोष रंगवलेलं नाही. एक शेतकरी त्याला सांगतो, त्या बाईची माफी माग, परत जा. तो जात नाही. आईने बँकेत ठेवलेल्या पैशांतले शेवटचे तीन हजार येन तो काढतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. कलिंगडाची फोड तोंडात पडते आणि सेत्सुको जाते. ज्या पोराने बहिणीसाठी जीव टाकला, त्याच्याच ताठ्याने ती मेली, असं ताकाहाता आपल्याला सरळ दाखवतात. हे बघून ज्याला सेइताचा राग येत नाही त्याने नुसतं रडून घेतलंय. निवळ पिऊन उठलाय तो, भात तळाशीच राहिला.