वाचणाऱ्याचे पान

क्रांती चौकातल्या एका धरण्यात एका विद्यार्थ्याला बाबासाहेबांचा एक उतारा भाषणासाठी हवा होता. हातात स्वस्तातला मोबाइल. संकेतस्थळ उघडले तर आधी फिरती चित्रे आली, मग सरकती पट्टी, आणि शेवटी ग्रंथाच्या पानांची छायाचित्रे. अक्षर मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाई. शब्द शोधावा तर सापडेना. उतारा राहूनच गेला. हा प्रश्न केवळ तांत्रिक आहे, असे मी मानत नाही.

छायाचित्रातले अक्षर यंत्राच्या लेखी अक्षरच नसते. म्हणून अंध वाचकाचा स्क्रीन रीडर तेथे मुका होतो. जुन्या फाँटात टंकलेला मजकूर तो फाँट नसेल तर निरर्थक चिन्हे होऊन बसतो. युनिकोडमधला साधा मजकूर मात्र शोधता येतो, ऐकता येतो, मंद नेटवरही लवकर उघडतो.

‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’चे उदाहरण घ्या. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेत हे भाषण होऊ शकले नाही. बाबासाहेबांनी ते स्वतः छापून वाचकांच्या हाती दिले. ज्या कोलंबिया विद्यापीठात ते १९१३ ते १९१६ शिकले, त्याच्याच संकेतस्थळावर प्रा. फ्रान्सिस प्रिचेट यांनी ते साध्या मजकुराच्या रूपात ठेवले. प्रकरणे वेगळी, परिच्छेदांना क्रमांक. शिक्षकाने क्रमांक सांगावा, विद्यार्थ्याने तो काढावा. पण ते इंग्रजीत. मराठीत अशी पाने किती?

आपली माणसेही या दोषातून मुक्त नाहीत. निळ्या पार्श्वभूमीवर फिकट निळी अक्षरे घालून आपण अस्मिता मिरवतो आणि म्हाताऱ्या वाचकाला बाहेर ठेवतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, हा जगन्मान्य दंडक आपण पाहतही नाही.

साधेपणा म्हणजे दारिद्र्य, असा आक्षेप येईल. मला तो मान्य नाही. मूळ पानांची छायाचित्रे पुरावा म्हणून राहोत. पण शेजारी मजकूर हवा. तो टंकणे, तपासणे हे कंटाळवाणे काम आहे, आणि चळवळीचेच काम आहे. ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यांच्यापुढे अक्षराचे नुसते चित्र ठेवून भागणार नाही.