वंशावळ : नोंद आणि निवेदन

हद्दपार अकेडियन पूर्वजाचा माग काढणारा वंशज जुन्या कागदपत्रांकडे बहुधा माहितीचे कोठार म्हणून पाहतो. परंतु हे नाव कोणी, कशासाठी आणि कोणाच्या शब्दांवरून नोंदविले, असा प्रश्न विचारताच त्या कागदाची संहिता होते.

नोव्हा स्कोशियातील फ्रेंचभाषक अकेडियनांना ब्रिटिशांनी १७५५ पासून देशोधडीला लावले. ग्रां-प्रे येथील हद्दपारी पार पाडणाऱ्या जॉन विन्स्लो यांच्या रोजनिशीतील यादीत पुरुषाच्या नावापुढे मुलगे आणि मुली यांचे आकडे येतात. त्याच ओळीत बैल, गाई, मेंढ्या, डुकरे यांचेही. पत्नी मात्र निनावी राहते. येथे कुटुंब ही मोजदादीची बाब आहे.

याउलट, फ्रान्सच्या ब्रेतान्य प्रांतातील बेल-ईल बेटावर १७६५ मध्ये ७८ अकेडियन कुटुंबे वसविण्यात आली. त्यांची चर्चमधील जन्म-विवाहांची दप्तरे मागे राहिली वा हरवली होती. म्हणून १७६७ मध्ये त्यांनी आपापले वंशवृत्तान्त शपथेवर, स्वजनांच्या साक्षीने, तोंडी सांगितले आणि ते लिहून घेण्यात आले. त्यांत पत्नीचे कूळ येते, अकेडियात प्रथम आलेला पूर्वज येतो, विखुरलेल्या आप्तांचा ठावठिकाणाही येतो. लिखित ते विश्वसनीय आणि मौखिक ते संदिग्ध, ही सोयीची विभागणी येथे कोलमडते. कारण हा दस्तऐवज म्हणजे साक्षीने प्रमाणित झालेली स्मृतीच होय.

अर्थात, या निवेदनांना निखळ लोकवाणी मानणे भाबडेपणाचे ठरेल. ती न्यायालयीन आदेशाने घेतली गेली. त्यांचा साचा शासनाचा आहे. तरीही त्या साच्यात बोलणारा कर्ता निर्वासितच आहे, हा विन्स्लो यांच्या यादीपासूनचा मूलभूत भेद होय.

आंतोनिन माये यांच्या ‘पेलाजी-ला-शारेत’ (१९७९) या कादंबरीने हाच भेद रूपतत्त्व म्हणून स्वीकारला आहे. जॉर्जियाहून बैलगाडीने मायभूमीकडे परतणाऱ्या विधवेची ही कथा तिचे वंशज शतकानंतर चुलीभोवती बसून, एकमेकांना खोडून काढत सांगतात. वाद हाच तेथे वारशाचा पुरावा ठरतो.

आजचा वंशवृक्ष मात्र नावे आणि सनावळ्या ठेवून सांगणाऱ्याला वगळतो. हद्दपारीने ज्यांचे घर आणि दप्तर दोन्ही हिरावले, त्यांचे सांगणेही आपण केवळ तपशिलात जिरवले, तर पूर्वजाचे नाव सापडेल. त्याचा आवाज मात्र पुन्हा हरवेल.