‘गोवन क्रेझी’: एका माणसाची वाद्ये, एका गावाचा आवाज

संगीत एकट्याने करावे की समूहाने, हा प्रश्न आज आमच्या धर्मग्रामांतील तरुणांपुढे नव्याने उभा आहे. भ्रमणध्वनीवर आयता ताल मिळतो, घरबसल्या गीत ध्वनिमुद्रित होते आणि गायकवृंदाच्या सरावाला येण्याची गरज भासत नाही. अशा वेळी रेमो फर्नांडिस यांच्या १९८४ सालच्या ‘गोवन क्रेझी’ या इंग्रजी गीतसंग्रहाकडे पुन्हा वळणे आम्हांला उचित वाटते. एकट्याच्या संगीताची शक्ती आणि तिची मर्यादा अशा दोन्ही गोष्टी त्यात एकत्र ऐकू येतात.

रेमो यांचा जन्म १९५३ सालचा. गाव बार्देशमधील शिवोली. मुंबईच्या सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस युरोप व उत्तर आफ्रिकेत भटकंती केली आणि नंतर ते गावी परतले. ‘गोवन क्रेझी’ त्यांनी शिवोलीच्या घरातच मुद्रित केला. गायक तेच, वादक तेच, कवी तेच आणि प्रकाशकही तेच. तयार झालेल्या कॅसेटी स्कूटरवर घालून ते दुकानोदुकानी पोहोचवीत. तबकडी काढायची तर कारखाना आणि कंपनी लागे. कॅसेटच्या प्रती मात्र लहानशा यंत्रावरही निघत. त्या स्वस्त फितीमुळेच गावातील एका कलावंताला कंपनीच्या दारात न थांबता श्रोत्यांपर्यंत जाता आले.

या संग्रहाचे मर्म समजण्यासाठी त्यामागील यंत्र समजून घ्यावे लागते. त्यावर ध्वनीच्या केवळ चार पट्ट्या होत्या. एकीवर ताल, दुसरीवर गिटार, तिसरीवर आवाज असे करता करता जागा संपते. मग भरलेल्या पट्ट्या एकत्र करून रिकाम्या पट्टीवर उतरवाव्या लागतात आणि मोकळ्या झालेल्या जागी पुढचे सूर भरावे लागतात. एकदा एकत्र झालेले सूर पुन्हा सुटे होत नाहीत. शिवाय प्रत्येक उतरवणीत ध्वनीचा कस थोडा कमी होतो. म्हणून काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे आधीच ठरवावे लागते. आमच्या सोलापूरकर वाचकांना हे सांगणे नलगे. पूर्व भागात घरोघरी माग चालत, तेव्हा ताणा लावण्यापूर्वीच नक्षी मनात पक्की असावी लागे. कापड अर्धे विणून झाल्यावर ताणा बदलता येत नाही.

या शिस्तीचा लाभ संग्रहाला झाला आहे. साधने तुटपुंजी असल्याने गीताचा भार शब्दांवर आणि चालीवर येतो. ते शब्द इंग्रजी असले तरी परके नाहीत. गोव्याच्या माणसाच्या तोंडची इंग्रजी जशी असते, तशीच ती येथे गायिली आहे. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या चौकटीत लेखकाने आपले गाव बसविले आणि त्या गावाला हसण्याचा हक्कही घेतला. ‘ही तर पाश्चात्त्यांची नक्कल’ असे आमची काही वडीलधारी मंडळी म्हणतील. त्यांनी सोलापूरच्याच राम जोशींचे स्मरण करावे. पेशवाईच्या उत्तरकाळातील या शाहिराने एकाच रचनेत अनेक भाषा नांदविल्या आणि तरीही तो मराठी मातीतलाच राहिला. भाषा कोठून आली यापेक्षा ती कोणाविषयी बोलते, हे आम्ही महत्त्वाचे मानतो.

रेमो यांचे हसणे कडवट नाही, हा या संग्रहाचा दुसरा गुण. आपल्या माणसांचे दोष सांगणारा दोन प्रकारचा असतो: एक घर सोडून गेलेला, दुसरा घरातच बसून बोलणारा. रेमो दुसऱ्या प्रकारात मोडतात. पुढे राजीव गांधी पंतप्रधान असताना (१९८४-८९) गोव्यातील एका कार्यक्रमात रेमो यांनी त्यांना थेट नावाने संबोधणारे गीत गायिले. त्यावर टीका झाली. पंतप्रधानांनी मात्र कौतुकाचे पत्र धाडले. त्या धीटपणाची बीजे येथेच दिसतात. लगेच १९८५ साली ‘ओल्ड गोवन गोल्ड’मध्ये त्यांनी गोव्याची जुनी पारंपरिक गीते नव्या साजात आणली. चेष्टा आणि कृतज्ञता एकाच घरात राहू शकतात, याची ती साक्ष होय.

आता मर्यादेविषयी. सर्व वाद्ये एकाच हाताची असल्याने त्यांच्यात कधी वाद होत नाही. यंत्राचा ताल बिनचूक चालतो, परंतु गायकाला तो अडवीत नाही किंवा पुढेही ढकलीत नाही. एकाच कंठातून निघालेले अनेक स्वर एकमेकांशी जुळतात खरे, पण त्यांना एकमेकांची वाट पाहावी लागत नाही. गायकवृंदात शेजाऱ्याचा स्वर ऐकून आपला आवाज थोडा आवरावा लागतो. त्या आवरण्यातून जी ऊब निर्माण होते, ती येथे उणी भासते. स्वतः रेमो पुढे ‘मायक्रोवेव्ह पापडम्स’ हा वाद्यवृंद घेऊन रंगमंचावर उभे राहिले, हे या संदर्भात बोलके आहे.

तरीही हा संग्रह संपूर्णपणे एकाकी माणसाचा नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या धर्मग्रामशाळांतून मुलांना स्वरलिपी व गायन शिकविले जाई. त्या परंपरेतून वादकांच्या पिढ्या घडल्या आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतालाही त्यांनी हात दिला. ज्या समाजात सुरांचे ज्ञान घरोघरी मुरलेले आहे, तेथेच एखादा माणूस एकट्याने वाद्यवृंद उभा करू शकतो. एकट्याची ही फळी समूहाच्या खांबांवर टेकलेली आहे.

२००७ साली रेमो यांना पद्मश्री मिळाली, २०२१ साली त्यांचे आत्मचरित्रही आले. आमच्या मते मात्र त्यांच्या कार्याची खरी किंमत या पहिल्या घरगुती फितीत आहे. आज आमच्या तरुणांच्या हाती चारच काय, शेकडो पट्ट्या आहेत. त्यांनी त्या खुशाल वापराव्यात. परंतु आयता ताल निवडण्यापूर्वी आपण कोणाविषयी गातो आहोत, हे त्यांनी ठरवावे. आणि रविवारी गायकवृंदात उभे राहून शेजाऱ्याचा सूर ऐकण्याचा सरावही सोडू नये. पहिली गोष्ट हा संग्रह आपल्या गुणांनी शिकवितो, दुसरी आपल्या उणिवेने.