समाजमाध्यमे आणि इंग्रजी शब्दसंपादन : एक परीक्षण

मराठी माध्यमातून पदवी घेऊन पदव्युत्तर वर्गात आलेल्या विद्यार्थ्यापुढे पहिली अडचण इंग्रजी संदर्भग्रंथांची असते. विषय त्याला परिचित असतो. ग्रंथाची भाषा मात्र वाट अडवते. एके काळी अशा विद्यार्थ्याच्या हाती तर्खडकरांची भाषांतरपाठमाला असे. आज इन्स्टाग्राम व यूट्यूब यांवरील अर्ध्या-एक मिनिटाचे शब्दपाठ असतात. शब्दसंपादनाच्या दृष्टीने या पाठांचे मोल काय, याचा विचार व्हावयास हवा.

या साधनाचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. इंग्रजीत लेखन आणि उच्चार यांची फारकत मोठी आहे. कोशातील उच्चारचिन्हे ज्यास उलगडत नाहीत, त्यास चित्रफितीतून उच्चार, आघात आणि प्रसंग एकाच वेळी मिळतात. शिवाय चुकल्यास हसणारे कोणी समोर नसते. वर्गात मूक बसणाऱ्या विद्यार्थ्यास ही सवलत लहान नव्हे.

दोष आहे तो प्रथमतः शब्दांच्या निवडीत. प्रेक्षकाला थोपवून धरण्यावर या माध्यमाचा व्यवहार चालत असल्याने दुर्मीळ व दिपवणाऱ्या शब्दांस तेथे अग्रस्थान मिळते. एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली सिद्ध केलेल्या ५७० शब्दकुलांच्या सूचीची कसोटी निराळी होती : विद्याविषयक लेखनात शब्द किती वेळा आणि किती शाखांत येतो, हे त्यांनी पाहिले. त्यांनी तपासलेल्या अशा लेखनापैकी सुमारे दहा टक्के शब्द या सूचीत सामावतात. 'अ‍ॅनालाइझ', 'डिराइव्ह', 'सिग्निफिकन्ट' हे त्यांतील शब्द दिसावयास निस्तेज. परंतु त्यांच्यावाचून ग्रंथाचे पान उलगडत नाही.

दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. 'व्हेरी हॅपी' म्हणू नका, 'एक्स्टॅटिक' म्हणा, अशा धर्तीच्या पाठांत दोन्ही प्रयोग समानार्थी गृहीत धरलेले असतात. वस्तुतः दुसऱ्यात हर्षाची पराकोटी आहे. कार्यालयीन पत्रात तो हास्यास्पद ठरेल. शब्द जाणणे म्हणजे त्याचे सहचर शब्द आणि त्याचे स्थान जाणणे होय. मराठीत चूकही 'करतात' आणि संशोधनही 'करतात'. इंग्रजीत पहिल्यास 'मेक' आणि दुसऱ्यास 'डू' लागते. 'विषयी चर्चा करणे' या रचनेच्या वळणाने 'डिस्कस अबाउट' लिहिले जाते. असल्या चुका सुट्या शब्दांच्या पाठांतराने सुधारत नाहीत.

तिसरी बाब स्मरणाची. एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून विस्मरण आरंभी वेगाने होते, असे दिसून आले. अंतराअंतराने केलेली उजळणी हा त्यावरील उपाय. परंतु पुढची चित्रफीत जुना शब्द उजळीत नाही, नवा आणते. पाहिलेला शब्द ओळखीचा वाटतो, आणि ओळखीलाच ज्ञान समजले जाते.

तथापि हे साधन त्याज्य ठरविण्याचे कारण नाही. क्रम तेवढा उलटावयास हवा. शब्द वाचनात असलेल्या ग्रंथातून घ्यावा, त्याचा उच्चार व वापर माध्यमावर शोधावा, तो वाक्यासह वहीत उतरावा आणि काही दिवसांनी स्वतःच्या लेखनात योजून पाहावा. ही शिस्त लावणे शिक्षकाचे काम आहे. ती नसेल, तर शेकडो शब्द पाहूनही ग्रंथ दुर्बोधच राहतो, आणि विद्यार्थी त्याचा दोष पद्धतीला न देता स्वतःच्या बुद्धीला देतो. शब्दांच्या उणिवेपेक्षा ही हानी मोठी आहे.