कडू रसाची परीक्षा

रस, रुचि, आस्वाद हे आपल्या काव्यचर्चेंतील शब्द जिभेच्या व्यवहारांतूनच आलेले आहेत; भरतमुनींनीं तर नाट्यरसाचें स्वरूप सांगतांना नाना व्यंजनांनीं संस्कारिलेल्या अन्नाचाच दृष्टान्त दिला आहे. तेव्हां एखाद्या पेयाची परीक्षा या मासिकांत कशाला, असा आक्षेप आमचे वाचक घेणार नाहींत अशी आशा आहे.

पेय म्हणजे 'प्लिनी द एल्डर' नांवाची बिअर. कॅलिफोर्नियांतील सांता रोझा येथील रशियन रिव्हर ब्रूइंग कंपनी ती करते. मद्यार्क शेंकडा ८, म्हणजे साध्या फिकट बिअरच्या सुमारें दीडपट. आणि हॉप नामक वेलीच्या फुलांचा तींत अगदीं सढळ हातानें उपयोग केलेला. जिला हल्लीं 'क्राफ्ट बिअर' म्हणतात, त्या लहान कारखानदारांच्या बिअरमध्यें हिचा लौकिक मोठा आहे. असली कडक आणि कडू बिअर प्रथमच चाखणारा मनुष्य बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट करतो. तो तोंड वाईट करून पेला दूर सारतो, किंवा एवढा कडूपणा आपण सोसला याचाच अभिमान मिरवूं लागतो. यांपैकीं कशासही परीक्षा म्हणतां येणार नाहीं.

आम्हीं ती प्रथम चाखली तेव्हां पेला ओठांशीं येण्यापूर्वींच चिडाच्या राळेचा आणि पपनसाच्या सालीचा वास आला. त्या वासानें मन गोडाची अपेक्षा करूं लागतें. जिभेला मिळतें तें निराळेंच. कडूपणा जिभेच्या मुळाशीं उमटतो, घोट उतरल्यावरही कांहीं वेळ तेथेंच रेंगाळतो, आणि मग तोंड एकदम स्वच्छ व कोरडें होतें. कारल्याचा कडूपणा गूळ मागतो, हा पुढचा घोट मागतो. चरकसंहितेंत तिक्त रस स्वतः न रुचणारा असूनही अरुचीचा नाश करणारा सांगितला आहे, त्याचें मर्म येथें जिभेलाच कळतें. (संस्कृतांत 'कटु' म्हणजे तिखट, मिऱ्यांचा रस, निंबाचा तो 'तिक्त'. मराठीनें कटूचा कडू करून तो शब्द शेजारच्या रसास देऊन टाकला!)

हें साधतें कसें? हॉपच्या फुलांतील पिवळ्या पुडींत कडूपणाचीं आम्लें असतात आणि सुगंधी तेलेंही असतात. आम्लें बराच वेळ उकळल्यावांचून आपला गुण पुरता देत नाहींत. तेलें मात्र उकळतांच वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कांहीं फुलें आरंभीं घालावयाचीं, कांहीं शेवटीं, आणि कांहीं तर आंबवण संपत आल्यावर थंड बिअरमध्यें तशींच. दुसरी युक्ति याहून सूक्ष्म आहे. बिअर कडक करावयाची तर जवाचें माल्ट अधिक लागतें, आणि तें अधिक झालें कीं पेय दाट व गोडसर होऊन कडूपणा त्यांत बुडतो. या बिअरचे कर्ते विनी सिलर्झो यांनीं १९९४ सालीं टेमेक्युला येथें प्रथम दुप्पट हॉपची बिअर केली होती. ते प्लिनीमध्यें थोडी मक्याची साखर घालतात. यीस्ट ती सारी खाऊन टाकतें, मद्यार्क वाढतो आणि अंग हलकें राहतें. साखर घालून गोडी कमी करण्याचा हा प्रकार आम्हांस फार कौतुकाचा वाटला.

कडूपणा मोजण्याचें एक परिमाणही आहे. लिटरमागें त्या रूपांतरित आम्लाचा एक मिलिग्रॅम म्हणजे स्थूलमानानें एक अंश. कांहीं कारखानदारांनीं या अंशांची चढाओढच लावली. परंतु तेवढेच अंश गोड बिअरमध्यें जाणवणारही नाहींत आणि कोरड्या बिअरमध्यें तोंड सोलून काढतील. मात्रा मोजून कविता ठरविणाऱ्यांची जात तिकडेही आहे म्हणावयाची.

तथापि प्लिनी सर्वथा निर्दोष आहे असें आमचें मत नाहीं. फुलांचा स्वर इतका उंच लागतो कीं भाजलेल्या धान्याचा, पावाच्या कडेसारखा स्वाद जवळजवळ लोपतो. चिको गांवच्या सिएरा नेव्हाडा कारखान्यानें १९८० सालीं कॅस्केड जातीचा हॉप घालून जी पेल एल काढली, तींत धान्य आणि फूल एकमेकांचें बोलणें ऐकून घेतात. तेवढ्या बाबतींत आम्ही पहिला मान त्या वडील बहिणीसच देऊं.

राहतां राहिलें जातीचें नांव. प्लिनी ही 'इंडिया पेल एल'ची दुप्पट आवृत्ति. लंडनच्या हॉजसनची फिकट बिअर कंपनी सरकारच्या जहाजांतून हिंदुस्थानांत येई, आणि १८२० नंतर बर्टनच्या कारखान्यांनीं तो व्यापार हातीं घेतला. प्रवासांत टिकावी म्हणूनच ती निर्माण केली, ही कथा मात्र जपून घ्यावी. काळी पोर्टरही त्याच समुद्रावरून येत होती आणि येथें पीत होते. एवढें खरें कीं ती जुनी बिअर पिंपांत महिनेच्या महिने मुरत येई. प्लिनीच्या बाटलीवर ती थंड ठेवावी, ताजीच प्यावी, साठवूं नये असें बजावलेलें असतें. कारण सुगंध फार दिवस टिकत नाहीं. म्हणून कोणा आप्तानें प्रेमानें सामानांतून मुंबईस आणलेली आणि पुढें चार महिने कपाटांत उभी राहिलेली बाटली फोडून कोणी आमचें मत पडताळूं लागल्यास, त्यास कडूपणा मिळेल. पपनसाचा वास मिळणार नाहीं.