घर कोणाच्या नावावर?

अर्थशास्त्र म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बाजारभाव, कर आणि अंदाजपत्रक एवढेच उभे राहते. नवऱ्याने बायकोवर उगारलेला हात हा त्या शास्त्राचा विषय असू शकेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो विषय पोलिसांचा, फार तर घरातील वडीलधाऱ्यांनी समजूत घालण्याचा. प्रदीप पांडा आणि बिना अगरवाल यांनी २००५ साली 'वर्ल्ड डेव्हलपमेंट' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध ही समजूत मुळापासून हलवितो. त्यास वीस वर्षे होऊन गेली असली, तरी आमच्या वाचकवर्गात त्याची म्हणावी तशी चर्चा झालेली नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

अगरवालबाईंचे नाव अभ्यासकांस नवे नाही. दक्षिण आशियातील स्त्रिया आणि जमिनीचा हक्क या विषयावरील त्यांचा 'अ फील्ड ऑफ वन्स ओन' हा बृहद्ग्रंथ १९९४ साली निघाला. स्त्रीच्या दैन्याचे मूळ केवळ शिक्षणाच्या किंवा मिळकतीच्या अभावात नसून स्थावर मालमत्तेच्या अभावात आहे, हा त्याचा सिद्धांत. प्रस्तुत निबंधात तोच सिद्धांत एका जिल्ह्यावर लावून पाहिला आहे. जिल्हाही मुद्दाम निवडावा असाच, केरळातील तिरुवनंतपुरम. साक्षरता, आरोग्य, आयुर्मान या बाबतींत ज्या राज्याचे दाखले सर्वत्र दिले जातात, तेथे घराच्या चार भिंतींआड काय चालते? खेड्यांतील आणि शहरातील १५ ते ४९ वयाच्या ५०२ विवाहित स्त्रियांना हे विचारण्यात आले.

उत्तर वाचून आम्ही क्षणभर पुस्तक मिटले, हे कबूल करतो. ज्यांच्या नावावर जमीन नाही आणि घरही नाही, अशा स्त्रियांपैकी ४९ टक्क्यांनी दीर्घकाळ मारहाण सोसली होती. केवळ जमीन असणाऱ्यांत हे प्रमाण १८ टक्के, केवळ घर असणाऱ्यांत १० टक्के, आणि दोन्ही असणाऱ्यांत ७ टक्के. जमिनीपेक्षा घराचा आधार मोठा ठरावा, यात नवल नाही. शेत रात्री अकरा वाजता कोणाला आसरा देत नाही. घराचे दार उघडता येते.

निबंधाचा खरा कस लागतो तो घर सोडण्याच्या प्रकरणात. दीर्घकाळ मार खाणाऱ्या स्त्रियांपैकी ४३ जणींनी घर सोडले. मालमत्ता असलेल्यांत सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण ७१ टक्के होते, नसलेल्यांत अवघे १९. त्या ४३ पैकी २४ परत आल्या, आणि परत येणाऱ्यांत बहुतेक सर्व निष्कांचन होत्या. आपल्याकडे अशा परतण्याला 'संसार सावरला' म्हणण्याची रीत आहे. लेखकद्वय असे काही म्हणत नाही. ते आकडा देतात आणि पुढे जातात, आणि तो आकडाच बोलतो.

येथे एक शंका घेणे आमचे कर्तव्य आहे. जे आईबाप मुलीच्या नावावर घर करतात, ते मुळातच निराळ्या वळणाचे असतील. त्यांनी जावईही पारखून घेतला असेल. मग मार टळला तो घरामुळे, की माहेराच्या वळणामुळे? लेखकांनी शिक्षण, उत्पन्न, नवऱ्याचा कामधंदा इत्यादी गोष्टी हिशेबात धरून पाहिल्या, तरीही मालमत्तेचा प्रभाव उरला. तथापि एकाच वेळी केलेल्या पाहणीतून कार्यकारणभाव सर्वस्वी सिद्ध होतो, असे आम्ही म्हणणार नाही. उलटपक्षी एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे. बायकोची नोकरी नवऱ्यापेक्षा वरचढ असेल तर धोका वाढतो, असे त्यांना आढळले. पगाराने नवऱ्याचा अहंकार डिवचला जातो. घराने मात्र बायकोला जाण्याची वाट मिळते, आणि ती वाट आहे हे नवऱ्यालाही ठाऊक असते.

याउपर प्रश्न कायद्याचा. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीस एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला. त्यामागील चळवळीत अगरवालबाई अग्रभागी होत्या. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी हा हक्क १९९४ सालीच दिला होता, आणि त्या दोन राज्यांवरील डाइनिंगर, गोयल व नागराजन यांचे २०१३ चे संशोधन सांगते की मुलींना जमीन मिळण्याची शक्यता वाढली, त्यांचे शिक्षणही वाढले, पण पक्षपात संपला नाही. नेपाळातील एका अभ्यासात जमीनधारक मातांची मुले अत्यंत कमी वजनाची राहण्याची शक्यता कमी आढळली. इथवर चित्र समाधानाचे आहे. परंतु सोनिया भलोत्रा, रेचल ब्रुले आणि संचारी रॉय यांनी २०२० साली दाखविले की, मुलीला वाटा द्यावा लागेल या भीतीने मुलीच नकोशा करण्याची वृत्ती या सुधारणांमागोमाग बळावली. अँडरसन आणि जेनिको यांच्या २०१५ च्या निबंधात स्त्री-पुरुषांच्या आत्महत्यांतील अंतर घटले, पण दोघांच्याही आत्महत्या वाढल्या, असा निष्कर्ष आहे. कायद्याने हक्क दिला, आणि घरांत भांडण शिरले. अगरवालबाईंच्या लेखनात हा विरोध जितक्या तीव्रतेने यावयास हवा होता, तितका तो येत नाही, असे आमचे मत आहे.

आणखी एक उणीव. मालमत्ता 'आहे' किंवा 'नाही' एवढ्यावर मोजमाप थांबते. अमर्त्य सेन यांनी 'द आयडिया ऑफ जस्टिस' (२००९) मध्ये वीब्के कुक्लिस यांच्या हिशेबाचा आधार घेतला आहे. ब्रिटनमध्ये अपंग माणूस असलेल्या कुटुंबांतील २३.१ टक्के व्यक्ती दारिद्र्यरेषेखाली होत्या. अपंगत्वामुळे लागणारा जादा खर्च धरला की तोच आकडा ४७.४ वर जातो. पायाने अधू असलेल्या लेकीच्या नावावर घर केले, पण कुलूप भावाच्या हाती राहिले, तर ती मालकीण कोणत्या रकान्यात मोडावी?

हे सारे परदेशी विद्येचे खूळ आहे असे म्हणणाऱ्यांस आम्ही मिताक्षरेची आठवण देऊ. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास राहून विज्ञानेश्वराने वारसाने आणि वाटणीने मिळालेले धनही स्त्रीधनात गणले. प्रिव्ही कौन्सिलने पुढे तो अर्थ आकुंचित केला. मुंबई इलाख्यात मात्र मुलीची वारसा-मालकी पूर्ण राहिली. हिंदू विधवेची मर्यादित मालकी संपून पूर्ण मालकी यावयास १९५६ साल उजाडावे लागले.

आणि गोव्याचे काय? येथे १८७० पासून पोर्तुगीज संहितेने मुलगा-मुलगी समान वारस मानले आणि पतिपत्नींची मिळकत समाईक ठरविली. २०१२ च्या नव्या कायद्यातही ते तत्त्व टिकले. तरीही समाईक मिळकतीतला अर्धा हिस्सा हा खटला चालल्यावर हाती येणारा हिस्सा आहे. आज रात्री आसरा देणारे घर ते नव्हे. शिवाय लग्न ठरले की मुलीला नोटरीपुढे नेऊन माहेरच्या मिळकतीवरचा हक्क सोडल्याची सही घ्यावयाची, ही चाल आमच्या घराघरांत आहे. कोमुनिदादीच्या उत्पन्नाचा वाटा परंपरेने पुरुष गावकाऱ्यांचा, देवस्थानांच्या महाजनांचा पटही पुरुषांचाच. सही करणारी मुलगी त्या दिवशी हसतमुख असते, भाऊ तिला साडी घेतो, सारे सुखाने जेवतात. तिरुवनंतपुरमच्या त्या २४ जणींपैकी कितीजणींनी अशाच एखाद्या कागदावर कधीकाळी सही केली असेल, हा प्रश्न त्या निबंधात विचारलेला नाही. तो आमच्या नोटरींच्या दप्तरांत विचारता येईल.