खिडकी उघडली, उत्तर कुठे?

यंदा गडचांदूरच्या स्टॉलवरून एक विनोदी दिवाळी अंक घेतला आणि कोरपन्याला उतरेपर्यंत एसटीतच संपवला. मेव्हणी, वहिनी, साहेबाची सेक्रेटरी. माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्याच बायका, पदरही तसाच ढळलेला. दुकानदाराने अंक देताना बजावलं होतं, "गुरुजी, लेकराईच्या हाती नोका देऊ." लेकरांनी तो अर्ध्या पानावर टाकून दिला असता.

चावटपणाबद्दल माझी तक्रार नाही. चावटपणा शिळा झाला, याची आहे. मधुकर पाटकरांनी १९५१मध्ये 'आवाज' काढला, त्यातली खिडकी ही खरी कारागिरी होती. कापलेल्या चौकोनातून भलतंच काही दिसावं, पान उलटलं की तिथे साधी भाजीवाली निघावी. चोरून बघणारा आपणच पकडला जायचा! आताच्या अंकांनी खिडकी घेतली, पकडणं सोडलं. पुरुषांसाठी निघणाऱ्या मासिकांचं म्हणाल, तर 'हैदोस' आणि त्याच्या भावंडांना समीक्षा नको, रद्दीवाला पुरे. 'डेबोनेर' इंग्रजी वाचणाऱ्यांच्या दिवाणखान्यातला. तिकडे विलायतेत १९३५च्या 'मेन ओन्ली'पासून १९९४च्या 'लोडेड'पर्यंत कागद गुळगुळीत होत गेला, एवढंच.

चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' मात्र आठवते. 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकातली ती कथा पुण्याच्या कोर्टात निर्दोष ठरली, उच्च न्यायालयात अश्लील ठरली, दंड झाला २५ रुपये. तो पुसायला १९६९ साल आणि सर्वोच्च न्यायालय लागलं. पण आज ती कथा वाचवण्यासाठी मी भांडणार नाही. भांडायचं ते दुसऱ्याच मासिकासाठी.

र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' १९२७ ते १९५३ चाललं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र, आत संततिनियमन, गुप्तरोग, शकुंतला परांजप्यांसारख्यांचं लेखन आणि वाचकांची प्रश्नोत्तरं. माझा जीव त्या प्रश्नोत्तरांत. कुठल्याशा गावाहून कुणीतरी घाबरत पत्र लिहावं, आणि कर्व्यांनी पाप-पुण्य बाजूला ठेवून, गणिताच्या मास्तरासारखं, दोन ओळींत उत्तर द्यावं. शृंगार नाही, गुदगुल्या नाहीत, उपदेश तर नाहीच. १९३४चा खटला चित्रावर नव्हता, या उत्तरांवर होता. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांविषयी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली, हा गुन्हा. वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक विचारतात तर सांगायचं नाही का, हा त्यांचा सरळ मुद्दा. कर्वे हरले, २०० रुपये दंड भरला आणि अंक काढत राहिले.

यावर दीडशहाणे म्हणतात, कर्व्यांचं मासिक पुरुषांच्या मासिकांच्या यादीत येतंच कसं, ते तर समाजसुधारणा. मी म्हणतो, ते यादीत पहिलं घाला! पुरुषाला बाईचं चित्र दाखवायला शंभर प्रकाशक मिळाले, त्याला त्याच्याच शरीराबद्दल खरं सांगणारा एक निघाला. नंतरच्यांनी मुखपृष्ठ उचललं आणि पत्रपेटी फेकून दिली. म्हणून आज आपल्याकडे या विषयाला दोनच भाषा उरल्या: डॉक्टरांची संस्कृत आणि चौकातली शिवी. बायकोशी बोलायला नवऱ्याजवळ तिसरी नाही. फोन येऊन काय बदललं? चित्रं हलायला लागली. विचारायचं ते पोटातच राहिलं.

पत्रपेटी रिकामी पडली म्हणून प्रश्न थांबले नाहीत. कोरपना-वणी रस्त्याने जा. सिमेंटच्या धुळीने राखाडी झालेल्या भिंतींवर निळ्या-पिवळ्या रंगात हिंदीत लिहिलेलं दिसेल: मर्दानी कमजोरी, शर्तिया इलाज, खाली मोबाइल नंबर. कर्व्यांचा वाचक आता तिथे फोन लावतो. पलीकडचा माणूस त्याला आधी पैसे किती आहेत ते विचारतो.